बाबांनी सोडलेला पोरगा

माझ्या टीममधला सर्वांत गुणी पोरगा वडिलांनी परस्पर देऊन टाकला, आणि ते मला अमेरिकेत, सकाळचा चहा पिता पिता कळलं. पडद्यावर टीमची नावं एकाखाली एक असायची आणि त्याचं सगळ्यात वर. त्या दिवशी वर दुसरंच नाव होतं. नेट अडकलं असेल म्हणून मी पान पुन्हा उघडलं. मग कम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तो नाही. हातातला कप मी खाली ठेवला एवढं आठवतं, कुठे ते नाही. नंतर तो न्हाणीघरात सापडला.

हा पोरगा हाडामांसाचा नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच काहीतरी समजतील. इंटरनेटवर बास्केटबॉलचा एक खेळ होता. त्यात स्वतः खेळायचं नाही, टीम चालवायची. कुणाला कुठे उभं करायचं, कुणाला बसवायचं, आठवडाभर कशाचा सराव घ्यायचा, कोणता खेळाडू घ्यायचा आणि कोणता विकायचा, एवढं आपण ठरवायचं. मॅच आपोआप व्हायची आणि आपण तिच्या ओळी वाचायच्या. अमक्याने पास दिला, तमक्याने बॉल घालवला. चित्र नाही, आवाज नाही. पुण्यात आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत निम्मा मजला हा खेळ खेळायचा, कारण लांबून बघणाऱ्या मॅनेजरला तो एक्सेल शीटसारखा दिसायचा.

दर हंगामाला प्रत्येक टीमला दोन-तीन नवखी पोरं मिळत. बहुतेक टाकाऊच निघत. एका हंगामात मात्र माझ्या वाट्याला हा आला. अठरा वर्षांचा, सात फुटांना जरा कमी, हाताला काही येत नाही, पण गेमने त्याच्या नावापुढे लिहिलेलं की नीट शिकवलं तर देशाकडून खेळेल. मी खुर्चीतून उठून शेजारणीच्या टेबलावर हातच आपटला. गेमने त्याला पंजाबी नाव आणि तमिळ आडनाव चिकटवलं होतं. आमच्या घरात ते कुणी कधी घेतलं नाही. बाबा त्याला 'आपला' म्हणायचे.

बाबांचा यात संबंध कसा आला, तेही सांगायला हवं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात शिकाऊ पोरांना फिटरचं काम शिकवायचे. नवी मशिनं आली, नवे साहेब आले, आणि बाबांसारख्यांना व्हीआरएस घ्या म्हणून हात जोडून सांगण्यात आलं. त्यांनी घेतली. त्या पैशात नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला. तेव्हा वारज्यात इमारती कमी आणि खडीचे ट्रक जास्त होते. बाबा सकाळी टँकरवाल्याशी हुज्जत घालायचे आणि मग दिवसभर त्यांना काही काम नसायचं. एका रविवारी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं, आता नोकरी आणि पोरकटपणा यांवर दोन शब्द ऐकावे लागणार. त्याऐवजी त्यांनी स्टूल ओढलं.

त्या खेळात एक गंमत होती. ज्या जागेवर खेळाडू मॅचमध्ये खेळेल, त्याच जागेचं कसब त्याला शिकता यायचं. उंच पोरगा बास्केटखाली उभा केला की टीम जिंकायची, पण त्याला पास देता यावा, बॉल घेऊन पळता यावं असं वाटत असेल, तर बुटक्यांच्या जागेवर लांब उभा करावा लागायचा. तिथे तो गोंधळायचा, बॉल घालवायचा, आणि आम्ही सडकून हरायचो. दोन मॅच हरल्यावर माझा धीर सुटला. मी त्याला परत बास्केटखाली न्यायला निघाले, तर बाबांनी माझा हात धरला.

"आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिले दोन महिने लोखंडाचा ठोकळा आणि कानस," ते म्हणाले. "घासत बस. मशीनला हात लावायचा नाही. पोरं रडतात, पळून जातात, आयांना घेऊन येतात. पण हात तयार होतो तो तेव्हाच. हरू दे."

आम्ही हरत राहिलो. दर शुक्रवारी सरावाचा निकाल लागायचा आणि त्याच्या पासपुढचा शब्द एकेक पायरी वर सरकायचा. आधी 'जेमतेम', मग 'बरा', मग 'चांगला'. 'चांगला' झाला त्या दिवशी बाबा खाली जाऊन आंबाबर्फी घेऊन आले. आई नारायण पेठेत वाढलेली, तिच्या बोलण्यात साखर बेतानेच. ती म्हणाली, "स्वतःची मुलगी कितवीत आहे ते मला विचारून सांगायचात. याचा निकाल बरा तोंडपाठ असतो." पण बर्फी तिने घेतली. आणि पुढच्या शुक्रवारी भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "आपल्याचं काय झालं हो?"

मग कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. तीन महिन्यांसाठी, असं सांगून. क्लायंटच्या ऑफिसात असली पानं उघडायची सोय नव्हती आणि राहत्या जागी नेट कधी मिळेल ठाऊक नव्हतं, म्हणून टीम मी बाबांच्या हवाली केली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना सगळं समजावलं. कुठे दाबायचं, कुठे दाबायचं नाही. विकायच्या बटणाबद्दल मी काही बोलले नाही. ते दाबायची कुणाला बुद्धी होईल असं मला वाटलंच नव्हतं.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ. शनिवारी मी फोनचं कार्ड विकत घेऊन घरी फोन करायचे. बाबा फोन उचलून म्हणायचे, "आपला आता दोन्ही हातांनी पास देतो." मग म्हणायचे, "जेवतेस ना?" मला हा क्रम आवडायचा. त्यांना माझी काळजी असायची, पण ती दुसऱ्या नंबरवर होती म्हणून मला हलकं वाटायचं. बंगळुरूचा कुणी इंजिनिअर त्या खेळात भारताचा तरुण संघ निवडायचा. पुढच्या हंगामात आपल्याला घेतो, असं त्याने कळवलंही होतं. बाबांनी ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

आणि अशात ती सकाळ उजाडली.

मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे आईच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"बाबा, आपला कुठे आहे?"

"सोडला त्याला," दूध आणल्याचं सांगावं तसं ते म्हणाले.

"सोडला म्हणजे काय?"

"म्हणजे दिला. इथलं शिकून झालं होतं त्याचं."

बाबांनी मग सावकाश सगळं सांगितलं. फिनलंडचा एक शाळामास्तर होता, त्याचीही टीम होती. त्याने गेममधूनच बाबांना लिहिलं की तुमचा पोरगा मोठा गुणी आहे, पण तुमचा ट्रेनर साधा आहे, तुमच्याकडे तो आता अडकेल. माझ्याकडे उत्तम ट्रेनर आहे, मी त्याला घडवतो. "सभ्य माणूस," बाबा म्हणाले. "प्लीज, थँक यू, सगळं लिहितो." बाबांनी शब्दकोश घेऊन त्याला उत्तरं लिहिली होती.

"अगं, अप्रेंटिसशिप संपली की पोरगा आपल्याकडे ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "हुशार असला तर मोठ्या कंपनीत धाडायचा. मी एकालाही अडवला नाही कधी."

"मग तो फिनलंडला गेला का?"

इथे ते पहिल्यांदा अडखळले. "नाही. ते जरा वेगळंच झालं. कुठल्या दुसऱ्याच टीमकडे गेला. पण तेही शिकवतीलच ना?"

मी त्या टीमचं पान उघडलं आणि काय झालं ते मला कळलं. विकायच्या यादीत नाव टाकलं की लिलाव होतो आणि जगातला कुणीही बोली लावू शकतो, हे बाबांना माहीत नव्हतं. ते समजत होते की नाव टाकायचं आणि मास्तरांनी उचलायचं. त्यात त्यांनी किंमत ठेवली होती सर्वांत कमी, गेम ठेवू देईल तेवढी कमी. का, तर शिकवलेल्या पोराचे पैसे घेतात का? असली किंमत बघून सगळ्या जगाच्या उड्या पडल्या. मास्तरांची ऐपत संपली तिथे बाकीच्यांची सुरू झाली. पोरगा गेला तो एका दलालाकडे. त्याच्या टीममध्ये अशी ढीगभर पोरं पडलेली होती. तो त्यांना खेळवायचा नाही, शिकवायचा नाही. स्वस्तात घ्यायचं, थोडं थांबायचं, महाग विकायचं, एवढाच त्याचा धंदा.

मी हे सगळं फोनवर सांगितलं. मऊपणे सांगितलं असं म्हणणार नाही. मी ओरडले. "बाजारात नेऊन उभा केलात तुम्ही त्याला," असंही म्हणाले.

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"पण मी मास्तरांना शब्द दिला होता," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजाला तसा कंप सुटलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. व्हीआरएसच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी तर घरी आल्यावर त्यांनी पंखा दुरुस्त केला होता.

मी रागाने त्या खेळाचं पान उघडणंच सोडून दिलं. टीम त्यांच्याकडे होती, त्यांनी काय हवं ते करावं. पण शनिवारचे फोन चालूच होते आणि बाबा बातमी द्यायचे. दुसऱ्या टीमचंही पान कुणालाही बघता यायचं. "आजपण बसवून ठेवलाय." पुढच्या वेळी, "आपल्याला पुन्हा विकलं." मग एकदा नुसतंच, "वाढदिवस झाला त्याचा." त्या खेळात हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, आणि तो संपला की सगळे एका वर्षाने मोठे होतात, आणि वय वाढलं की शिकण्याचा वेग मंदावतो. अठरा-एकोणीसच्या वयात जे एका महिन्यात येतं, त्याला नंतर तीन महिने लागतात. भारताच्या तरुण संघाची यादी लागली, त्यात तो नव्हता. "त्याला कुणी कानसच दिली नाही गं," बाबा म्हणाले. मी विषय बदलला.

त्याच सुमारास क्लायंटने मला बोलावून घेतलं. तुमचं काम आवडलं, कायमचं इथेच राहा, व्हिसाचं आणि पुढच्या कागदांचं आम्ही बघतो. माझ्याबरोबर आलेल्या पोरापोरींनी असं ऐकल्यावर पेढे वाटले असते. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. मला राहायचं नव्हतं. तिथे हिवाळ्यात पाच वाजता अंधार व्हायचा, आणि मी डाळ-भात खाऊन भिंतीकडे बघत बसायचे. पण परत का आलीस, या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे नव्हतं. आमच्या बरोबरीच्या घरांतून तेव्हा माणसं नुसती जात होती. परत येणाऱ्याला लोक विचारायचे, काय, काढलं का? मला कुणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे बाबांनीच.

शनिवारी मी त्यांना सांगितलं. मनात म्हटलं, निदान क्षणभर थांबतील.

"मग राहा की," बाबा लगेच म्हणाले. "चांगली कंपनी आहे. यात विचारायचं काय?"

गालावर कुणीतरी फटकन मारावी तसं झालं. शिकून झालं, सोडली. मला पोराचा विसर पडला होता असं नाही, पण त्या यादीत माझंही नाव असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आई मागून काहीतरी म्हणाली. बाबांनी तिला गप्प केलं आणि मला विचारलं, "जेवतेस ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर खूप रडले, आणि रडताना सुद्धा मला त्यांचा रागच येत होता.

पुढचे शनिवार मी तुटक बोलले. तेही तुटक बोलले. पोराची बातमी त्यांनी दिली नाही आणि मी विचारली नाही. महिना संपत आला. होकाराचा मेल मी लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. अमेरिकेतून फोन करणं स्वस्त आणि भारतातून महाग, म्हणून आमच्या घरचा फोन मला कधी यायचा नाही. त्या रविवारी सकाळी तो आला. आईला काही झालं असेल, असंच वाटलं.

"आपला आला," बाबा म्हणाले.

"कोण आला?"

"आपला. परत आणला. उघडून बघ."

मी फोन कानाला धरूनच पान उघडलं. खरंच आला होता. नाव सगळ्यात वर. आणि खाली काही नाही. मी पान खाली सरकवायला गेले, तर सरकायला काही नव्हतंच. त्या यादीत तो एकटा होता. आमचा म्हातारा कॅप्टन, जो बाबांना फार आवडायचा कारण तो कधी भांडायचा नाही, तो गेला होता. दोघं डावखुरे गेले होते. साधा का होईना, ट्रेनर होता, त्यालाही नारळ दिलेला.

"बाबा, बाकीचे कुठे आहेत?"

"विकले. दलाल भाव उतरवेना. लिलावातून आलेले पैसे मी हात न लावता ठेवले होते, पण ते पुरेनात."

"अहो, पण टीमला पाच जण लागतात! एकट्याने मॅच कशी होणार?"

"नाही होत. या आठवड्यात न खेळताच हरलो आपण."

मला हसावं का ओरडावं कळेना. सगळी टीम मोडून आणलेला हा पोरगा आता बाविशीचा झाला होता. पासपुढे अजून तोच जुना शब्द. आम्ही सोडला तेव्हा होता तिथेच. एक पायरीही कुणी चढवलं नव्हतं त्याला. आता तो देशाकडून काय, शहराकडून खेळला तरी पुष्कळ. हे मी त्यांना सांगितलं.

"माहितीय मला," बाबा म्हणाले. मग बराच वेळ थांबले. भारतातून लावलेल्या फोनवर इतका वेळ गप्प बसणं ही आमच्या घरात उधळपट्टी होती. "हे बघ, मी तुला मागे राहा म्हणालो होतो."

"हो."

"ते मी मागे घेतलं तर चालेल का?"

आयुष्यात या माणसाने एकदा दिलेला शब्द मागे घेतलेला मी पाहिला नव्हता. दुकानदाराला घेतो म्हटलेली छत्री फाटकी निघाली तरी ते घेऊन येत. लिहून ठेवलेला होकाराचा मेल मी तिथल्या तिथे पुसून टाकला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. आई मागून म्हणाली, "अहो, बिल बघा जरा," तेवढं मात्र नीट ऐकू आलं.

परत आले तेव्हा वारज्यात आमच्या समोर आणखी दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि टँकर अजून येतच होते. बाबा विमानतळावर माझी बॅग उचलून पुढे चालू लागले. अमेरिकेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. घरी पोचल्यावर मी हातपाय धुऊन सवयीने कम्प्युटरसमोर बसले. यादीत तो एकटाच उभा होता. आई चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "एकट्याची टीम. पेपरात द्यायला हवं."

बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. आईने आवाज खाली आणला.

"मी यांना विचारलं, सगळे विकायला काढलेत, त्या एकट्याला आणून खेळणार कोण? तर म्हणे, ती येऊ दे, मग बाकीचे बघू."

"मी येते म्हटल्यावर ना?"

"कसलं?" आई म्हणाली. "तुला फोनवर राहा म्हणाले, त्याच संध्याकाळी. फोन ठेवला आणि कॅप्टनला विकायला बसले."

माझ्या हातात कप होता, तो तिने काढून घेतला. गॅलरीतून बाबांनी विचारलं, आज शुक्रवार ना, सराव कशाचा लावायचा?

"पासचा," मी कसंबसं म्हणाले.

"अगं, पण पास घ्यायला दुसरा कुणीतरी हवा ना," असं म्हणत ते हात पुसत आत आले आणि त्यांनी स्टूल ओढलं.